काळ्या शिशाचा उसना गुण

पावसाळ्यांत एखादें जुनें कुलूप अडूं लागलें, म्हणजे घरांतील जाणतें माणूस तेलाची बुधली शोधीत बसत नाहीं. मुलाच्या दप्तरांतील शिसपेन्सिल घेऊन तें तिचें टोंक किल्लीच्या दांत्यांवर चांगलें घांसतें, आणि दोनचार वेळां फिरवितांच किल्ली सुरळीत चालूं लागते. तेल घातलें तर त्यावर धूळ बसून कुलूप पुढील वर्षीं अधिकच अडतें, हा अनुभव त्याच्या गांठीं असतो. या घरगुती उपायांत दोन गैरसमज मात्र दडलेले आहेत. शिसपेन्सिलींत शिसें असतें हा पहिला. तो खोटा आहे हें आतां पुष्कळांना ठाऊक आहे. दुसरा अधिक खोल आहे, आणि तो दूर होण्यास विसावें शतक जवळजवळ अर्धें सरावें लागलें. पेन्सिलींतील काळा पदार्थ जात्याच निसरडा आहे, अशी शास्त्रज्ञांसुद्धां सर्वांची समजूत होती. वस्तुतः त्याचा निसरडेपणा बव्हंशीं उसना आहे. तो ज्या हवेंत व ज्या शेजाऱ्यावर घांसला जातो, त्यांच्याकडून तो मिळतो. या पदार्थाचा एकेक पापुद्रा सुटा करून तो ॲल्युमिनियम, तांबें, निकल अशा धातूंच्या पोटांत घालण्याचे प्रयोग आज जगभर चालले आहेत. त्यांचें यशापयश ध्यानांत येण्यास या उसनवारीचा इतिहास जाणून घेणें अवश्य आहे.

इंग्लंडच्या उत्तरेस कंबरलंड परगण्यांत बॉरोडेल नांवाचें एक खोरें आहे. तेथें सोळाव्या शतकांत या काळ्या दगडाची अत्यंत निर्मळ अशी खाण सांपडली. मेंढपाळ त्यानें मेंढ्यांवर खुणा करीत. पुढें तोफेच्या गोळ्यांचे सांचे आंतून माखण्यास तो उपयोगी पडूं लागला, आणि त्याचें मोल इतकें चढलें कीं, खाणींतून तो चोरणारास कडक शिक्षा देणारा कायदा पार्लमेंटला १७५२ सालीं करावा लागला. रंगानें तो शिशासारखा, म्हणून लोक त्याला काळें शिसें म्हणत. तितकाच काळा व तितकाच बुळबुळीत असा आणखी एक खनिज पदार्थ होता, आणि या दोहोंच्या नांवांचा घोळ शतकानुशतकें चालत आला होता. स्वीडनमधील औषधविक्रेता कार्ल शील यानें तो मिटविला. १७७८ सालीं त्यानें यांपैकीं एकांत गंधक व एक अपरिचित धातु असल्याचें दाखविलें. तोच आजचा मॉलिब्डेनम-सल्फाइड होय. १७७९ सालीं त्यानें दुसरा पदार्थ हा कोळशाचाच, म्हणजे कार्बनचाच, एक प्रकार असल्याचें सिद्ध केलें. त्याला लेखनवाचक ग्रीक शब्दावरून ग्राफाइट हें नांव दहा वर्षांनीं जर्मन खनिजशास्त्रज्ञ वेर्नर यानें दिलें. शीलनें विलग केलेल्या या जुळ्या भावंडांची गांठ पुढें पुन्हां पडावयाची आहे.

घर्षणाचा पद्धतशीर विचार त्यापूर्वींच सुरू झाला होता. १६९९ सालीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें गीयोम आमाँताँ यानें आपले प्रयोग मांडले. हा गृहस्थ लहानपणींच बहिरा झाला होता, आणि यंत्रांची कुरकूर ज्याला कधीं ऐकूं आली नाहीं त्यानेंच तिचे नियम सांगावे, हा एक चमत्कारिक योग म्हणावा लागेल. घर्षणाचा विरोध वजनाच्या प्रमाणांत वाढतो हें त्याचें म्हणणें कोणालाहि पटण्यासारखें होतें. परंतु टेकलेला पृष्ठभाग लहान असो कीं मोठा, विरोध तितकाच राहतो, हें विधान अकादमीला चमत्कारिक वाटलें, आणि ला ईर या सभासदानें प्रयोग पुन्हां करून पाहिल्यावरच तें मान्य झालें. कूलाँ यानें पुढें १७८१ सालीं अकादमीचें पारितोषिक मिळवून हे नियम पक्के केले. तथापि असें कां व्हावें, याचा समाधानकारक उलगडा कोणी केला नाहीं.

तो विसाव्या शतकाच्या मध्यास केंब्रिज येथील फ्रँक बाउडन व डेव्हिड टेबर यांनीं केला. डोळ्यांना आरशासारखा दिसणारा पृष्ठभागहि सूक्ष्म दृष्टीनें डोंगराळच असतो. १९५० सालीं लंडनच्या नभोवाणीवरील एका भाषणांत बाउडन यांनीं या गोष्टीला स्वित्झर्लंड उलटा करून ऑस्ट्रियावर ठेवल्याची उपमा दिली होती. मराठी वाचकानें सह्याद्रि उपडा करून सातपुड्यावर टेकविल्याची कल्पना करावी. कांहीं शिखरें तेवढीं एकमेकांना भिडतील, बाकी सारी पोकळी. वजन वाढलें कीं शिखरें दबून खरा संपर्क तेवढ्या प्रमाणांत वाढतो. वरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा त्याच्याशीं संबंध नाहीं. जेथें धातूला धातु भिडतो तेथें दोन्ही अक्षरशः जडतात. हे सांधे तोडण्यास जें बळ लागतें तें घर्षण, आणि तुटतांना जो कण निघून जातो ती झीज. यावरून उपायहि स्वच्छ दिसूं लागला. खालचें अंग कठीण असावें, म्हणजे शिखरें फार दबणार नाहींत; आणि वर अतिशय पातळ, मऊ कातडें असावें, म्हणजे सांधे सहज तुटतील. एकाच पदार्थांत हे दोन परस्परविरोधी गुण कसे आणावे, हाच खरा प्रश्न आहे, आणि धातूंत कार्बन मिसळणारांची सारी धडपड त्यासाठींच आहे.

त्या मिश्रणाचा एक नमुना माणसाच्या हातीं न कळत फार पूर्वींच आला होता. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होतांना त्यांतील कार्बन पुष्कळदां ग्राफाइटच्या पातळ चकत्यांच्या रूपानें बाहेर पडतो. लेथचें बैठें अंग किंवा एंजिनाचें सिलिंडर बिडाचें करण्यामागें ओतण्याची सोय व स्वस्ताई ही कारणें आहेतच. परंतु घांसल्यावर त्यांतील ग्राफाइट पृष्ठभागावर पसरून झीज आंवरतो, हेंहि एक आहे. याच चकत्यांमुळें बीड ठिसूळ होतें, ही त्याची दुसरी बाजू.

जाणूनबुजून केलेलें मिश्रण विजेच्या यंत्रांमुळें आलें. प्रारंभींच्या डायनॅमोंत फिरत्या कम्यूटेटरवर तांब्याच्या तारांचे ब्रश टेकलेले असत. ते ठिणग्या टाकीत आणि कम्यूटेटरला ओरखडीत. १८८५ सालीं जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश अभियंत्यानें तेथें कार्बनचा ठोकळा बसविण्याची युक्ति काढली. तिला ब्रश हें नांव चिकटलें तें आजतागायत, जरी त्यांत केंस किंवा तार कांहींच नसतें. पुढें जेथें दाब थोडा पण प्रवाह मोठा लागे, तेथें नुसत्या कार्बनची वहनशक्ति पुरेना. तेव्हां तांब्याची व ग्राफाइटची भुकटी एकत्र दाबून व तापवून ब्रश करूं लागले. रस करून ओतणें शक्यच नव्हतें; वितळलेलें तांबें ग्राफाइटला ओलें करीत नाहीं, कमळाच्या पानावरील पाण्यासारखें दूरच राहतें, आणि हलका ग्राफाइट वर तरंगतो. मोटारगाडीच्या स्टार्टरमध्यें बसणारा हा तांबूस-काळा ठोकळा म्हणजेच आजच्या ग्राफीनयुक्त धातूंचा थेट पूर्वज होय.

हा ब्रश इतका बिनतक्रार चाले कीं तो कां चालतो याची विचारपूस कोणी फारशी केली नाहीं. १९२४ सालीं जे. डी. बर्नाल यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें ग्राफाइटची अणुरचना निश्चित केली. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनांत गुंफलेल्या कार्बन-अणूंचे सपाट पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. एका पापुद्र्यांतील अणु परस्परांना घट्ट धरून असतात. दोन पापुद्र्यांमधील अंतर मात्र त्यांच्या दुपटीहून जास्त व बंधन अगदीं सैल असतें. पत्त्यांचा जोड हातांत तिरपा केला कीं पानें जशीं घसरतात तसे हे पापुद्रे घसरतात, हें स्पष्टीकरण विल्यम ब्रॅग यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानें पुरस्कारिलें आणि पाठ्यपुस्तकांत तें वेदवाक्य होऊन बसलें. तें चुकीचें नव्हतें, अपुरें होतें.

अपुरेपणा उघडकीस आला तो दुसऱ्या महायुद्धांत. अमेरिकेचीं बाँबफेकी विमानें पंचवीस-तीस हजार फूट उंचीवरून उडूं लागलीं, तेव्हां त्यांच्या डायनॅमोंतील ब्रश विलक्षण वेगानें झिजूं लागले. जमिनीवर शेंकडों तास टिकणारा ठोकळा वर गेल्यावर कांहीं तासांतच काळ्या धुळीच्या रूपानें उडून जाई. विमानांतील बिनतारी यंत्र, मोजमापाचीं उपकरणें, बंदुकांचे फिरते मनोरे हें सर्व विजेवर चालणारें. शत्रूच्या प्रदेशावर वीज बंद पडली तर त्यांतील माणसांचे हाल काय होणार, हें सांगावयास नको. प्रथम संशय विरळ हवेवर, मग थंडीवर, मग प्राणवायूच्या कमतरतेवर गेला. मध्यंतरीं कारखानदारांनीं अनुभवानें एक तोडगा काढला: ब्रशांत बेरियम फ्लुओराइडसारखीं लवणें भरलीं कीं झीज थांबे. तोडगा लागू पडला, पण रोगाचें निदान बाकी होतें.

तें जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंतील रॉबर्ट सॅव्हेज यांनीं केलें व १९४८ सालीं प्रसिद्ध केलें. प्रयोग साधा होता. निर्वात केलेल्या पात्रांत फिरत्या तांब्याच्या कड्यावर ग्राफाइट घांसत ठेवला. त्याची पाहतां पाहतां धूळ झाली. मग पात्रांत एकेक वायु सोडून पाहिला. नायट्रोजननें कांहीं साधलें नाहीं, हायड्रोजननें नाहीं, कार्बन मोनॉक्साइडनेंहि नाहीं. परंतु पाण्याची थोडीशी वाफ आंत जातांच झीज एकदम थांबली. उंचावरील गोठलेल्या हवेंत जें नव्हतें तें हेंच होतें. पापुद्र्यांच्या पाठी शांत असल्या तरी त्यांच्या तुटक्या कडा अतृप्त असतात. दुसरें कांहीं न मिळाल्यास त्या समोरच्या पृष्ठभागाला किंवा एकमेकींना धरतात. पाण्याचे रेणु या कडांवर बसून त्यांची भूक भागवितात, आणि मगच पत्त्यांचा जोड मोकळेपणानें घसरतो. कुलपांतील पेन्सिलीचें यश अशा रीतीनें निम्मेंअधिक हवेंतील ओलाव्याचें ठरलें.

येथें शीलच्या दुसऱ्या भावंडाची आठवण होते. मॉलिब्डेनम-सल्फाइडहि पापुद्र्यांचाच बनलेला आहे, पण त्याचा स्वभाव नेमका उलटा. निर्वातांत तो उत्तम घसरतो, आणि दमट हवेंत बिघडतो. अंतराळयानांत म्हणून त्यालाच मान मिळाला. परंतु वर दिलेला लेप कितीहि चांगला असला तरी तो लेपच. १९८९ सालीं गुरु ग्रहाकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाची मोठी अँटेना १९९१ मध्यें उघडेना. तिच्या कांहीं खुंट्या आपल्या खोबणींत अडकून बसल्या. यान तयार झाल्यावर कॅलिफोर्निया व फ्लॉरिडा यांच्यामध्यें रस्त्यानें झालेल्या प्रवासाच्या हेलकाव्यांत खुंट्यांवरील कोरडें वंगण निघून गेलें असावें, असें चौकशीचें अनुमान होतें. यानाला आपलें सारें निवेदन एका लहान अँटेनेवरून अत्यंत मंद गतीनें पाठवावें लागलें. वंगण धातूच्या अंगावर न ठेवतां पोटांत ठेवावें, म्हणजे वरचा थर गेला कीं झिजेबरोबरच खालून नवा येईल, या विचाराला अशा प्रसंगांनीं बळ येतें.

हा विचार ॲल्युमिनियमच्या बाबतींत मूर्त करणारांत एक भारतीय धातुशास्त्रज्ञ अग्रभागीं होते. प्रदीप रोहतगी यांनीं १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील एका निकल कंपनीच्या प्रयोगशाळेंत ग्राफाइटच्या कणांवर निकलचा मुलामा देऊन ते वायूच्या झोतानें वितळलेल्या ॲल्युमिनियममध्यें फुंकले. नुसत्या ग्राफाइटला झिडकारणारा रस निकलचा वेष घेतलेल्या ग्राफाइटला आंत घेई. पुढें बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत व नंतर तिरुवनंतपुरम आणि भोपाळ येथील प्रयोगशाळांत त्यांनीं हें काम चालविलें. अशा धातूचे बेअरिंग तेल तुटलें तरी कांहीं काळ जळत नाहीं. उणीव एकच, पण मोठी: ग्राफाइटची मऊ चकती धातूच्या पोटांत जवळजवळ भोंकासारखी वागते, म्हणून मिश्रण निसरडें होतें तितकेंच दुबळेंहि होतें. बाउडन यांच्या जोडीपैकीं मऊ कातडें मिळालें. कठीण अंग गमावलें.

१९५३ सालीं इंग्लंडांतील आर्चर्ड यांनीं झिजेचा जो साधा नियम मांडला, त्याप्रमाणें झिजून गेलेल्या धातूचें आकारमान भाराच्या व घांसण्याच्या अंतराच्या प्रमाणांत वाढतें, आणि काठिण्याच्या व्यस्त प्रमाणांत घटतें. ग्राफीनच्या शोधानें जी आशा उत्पन्न झाली ती या नियमामुळेंच. २००४ सालीं मँचेस्टर येथें आंद्रे गाइम व कोन्स्तान्तिन नोवोसेलोव्ह यांनीं चिकटपट्टीच्या साहाय्यानें ग्राफाइट सोलीत सोलीत एकेरी पापुद्रा सुटा केला, व त्यासाठीं त्यांना २०१० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. २००८ सालीं कोलंबिया विद्यापीठांत हा पापुद्रा ताणून पाहतां तो पोलादाच्या सुमारें पांचपट ताठर आणि तोंवर मोजलेल्या पदार्थांत सर्वांत बळकट ठरला. म्हणजे ज्या मऊ चकतीमुळें धातु दुबळा होत होता, तिचाच एक पदर त्याला बळ देईल, आणि घांसल्यावर वर येऊन वंगणहि होईल. दक्षिण कोरियांतील संशोधकांनीं २०१३ सालीं तांब्याचे व ग्राफीनचे थर आलटून पालटून रचले. तांब्याचा थर ७० नॅनोमीटर जाडीचा असतां मिश्रणाची ताकद दीड गिगापास्कल भरली. निकलच्या बाबतींत ती चार गिगापास्कलपर्यंत गेली. धातूंतील अणूंच्या ओळी ज्या दोषांच्या वाटेनें घसरतात, त्या वाटा ग्राफीनची भिंत अडवून धरते.

परंतु उसनवारीचा नियम येथेंहि सुटला नाहीं. २०१० सालीं असें आढळलें कीं, सुट्या एकेरी पापुद्र्यावर सूक्ष्म सुई ओढली असतां घर्षण जाड ग्राफाइटपेक्षां कमी नव्हे, उलट जास्तच होतें. पलंगावर सैल टाकलेली चादर हाताखालीं जशी गोळा होते, तसा पातळ पापुद्रा सुईपुढें सुरकुततो. तोच पापुद्रा अभ्रकावर घट्ट चिकटविला कीं हा दोष नाहींसा होतो. अर्थात् ग्राफीनचा गुण त्याच्या बिछायतीवर अवलंबून आहे, आणि बिछाईत म्हणून निवडलेल्या धातूंचे स्वभाव फार भिन्न आहेत. तांबें कार्बनशीं रासायनिक नातें जोडीत नाहीं. म्हणून पापुद्रा शुद्ध राहतो, पण पकड ढिली पडून सोलला जाण्याचें भय असतें. ॲल्युमिनियमची गोष्ट उलट. तो कार्बनला धरतो तें खाऊन टाकण्यासाठींच. २०११ सालीं अमेरिकेंत ग्राफीन मिसळलेलें ॲल्युमिनियम तपासलें असतां तें शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षांहि दुबळें निघालें, कारण तापवितांना ठिसूळ असें ॲल्युमिनियम कार्बाइड तयार झालें होतें. हा निष्कर्ष लपवून न ठेवतां छापला गेला, याबद्दल ते संशोधक धन्यवादास पात्र आहेत. पुढील वर्षीं चीनमधील संशोधकांनीं वजनाच्या अवघा ०·३ टक्का ग्राफीन काळजीपूर्वक मिसळून ताकद ६२ टक्क्यांनीं वाढल्याचें दाखविलें. प्रमाण वाढविल्यास मात्र पापुद्रे एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. पिठांतील गुठळी जशी आंतून कोरडीच राहते तशी ही आंतून धातुविरहित राहते, तेथून भेग सुरू होते, आणि झीज कमी होण्याऐवजीं वाढते.

हवेचा प्रश्न अमेरिकेंतील अरगॉन प्रयोगशाळेंत नव्यानें पुढें आला. तेथील अनिरुद्ध सुमंत यांचें शिक्षण पुणें विद्यापीठांतलें. त्यांनीं डायना बर्मन व अली एर्डेमीर यांच्यासह पोलादावर मद्यार्कांत कालविलेल्या ग्राफीनचे थेंब वाळवून पाहिले. घर्षणाचा गुणांक एकाच्या आसपास होता तो ०·१५ पर्यंत उतरला, झीज हजारों पटींनीं घटली, आणि हें कोरड्या नायट्रोजनमध्यें तसेंच दमट हवेंतहि घडलें. ग्राफाइटला जें साधलें नव्हतें तें ग्राफीनला साधलें असें वाटलें. परंतु २०१४ सालीं एकच पापुद्रा घेऊन पाहतां, नायट्रोजनमध्यें तो लवकर फाटला. हायड्रोजनमध्यें तोच एक अणुभर जाडीचा पापुद्रा ६४०० फेरे टिकला. फाटलेल्या कडांची भूक हायड्रोजन भागवीत होता. २०१५ सालीं याच मंडळींनीं ग्राफीनमध्यें हिऱ्याचे अतिसूक्ष्म कण मिसळले. पापुद्रे त्या कणांभोंवतीं गुंडाळले जाऊन गोट्यांसारखे लोळूं लागले, आणि गुणांक ०·००४ इतका, म्हणजे जवळजवळ शून्य झाला. हें मात्र कोरड्या वायूंतच. दमट हवा येतांच गुंडाळ्या होईनात व आंकडा ०·२७ वर चढला. सॅव्हेजच्या पात्रांत ज्या वाफेनें ब्रशाला वांचविलें, तिनेंच येथें खेळ मोडला.

बाजाराची अडचण याहून निराळी आहे. धातूंत मिसळण्यास भुकटी लागते किलोंच्या हिशेबानें, आणि ग्राफीन या नांवाखालीं विकलें जाणारें सर्वच ग्राफीन नसतें. २०१८ सालीं साठ उत्पादकांचे नमुने तपासले गेले; बहुतेकांत खरें ग्राफीन दहा टक्क्यांहूनहि कमी होतें, उरलेलें जाड पापुद्र्यांचें बारीक ग्राफाइट. एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीला मिळत नाहीं, याचें एक कारण येथें आहे. रोहतगी यांनीं पुढें अमेरिकेंत मिल्वॉकी येथें ग्राफीनयुक्त ॲल्युमिनियमवर काम केलें. ग्राफाइटच्या चकतीपासून तिच्या पातळ पापुद्र्यापर्यंतचा हा पन्नास वर्षांचा प्रवास एकाच माणसाच्या आयुष्यांत सामावला. अशा धातूंची परीक्षा बहुधा फिरत्या तबकडीवर खुंटी दाबून करतात, आणि त्या तक्त्यांत भार, वेग व अंतर यांच्या शेजारीं त्या दिवशींच्या खोलींतील हवेची आर्द्रताहि नोंदून ठेवण्याची रीत आहे.